शेवटची खुर्ची किती वाजता उचलली जाते?

पत्राचा सारांश: एक वाचक मैत्रीण आणि तिचा नवरा गेली ७ वर्षं एक रेस्टॉरंट चालवतात. आत जागा बेताची, त्यामुळे खरी भिस्त बाहेरच्या १० टेबलांवर, ४० खुर्च्यांवर. बाहेर बसवण्याची परवानगी रात्री १० पर्यंतच आहे. त्यांना ती १२ पर्यंत वाढवून हवी आहे. अर्ज लिहून तयार आहे. वरच्या आणि समोरच्या इमारतींतल्या २५ घरांनी संमतीच्या सह्या दिल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दिली नाही. धंदा नवा होता तेव्हा यांचं तान्हं मूल संध्याकाळी याच काकूंकडे असायचं. काकू भांडल्या नाहीत. ‘मला नाही जमणार गं, आणि सुनावणी झाली तर मी येऊन बोलेन,’ एवढंच म्हणाल्या. नवऱ्याचं म्हणणं, पंचवीस सह्या आहेत, एकीनं काय अडतं? मैत्रीण लिहिते: ‘आम्ही गाणी लावत नाही, दारू देत नाही, येणारी सगळी घरंदाज माणसं. इमारतीतले निम्मे लोक तर आमच्यानंतर राहायला आले. मग त्रास कसला होतो? काकूंचा मान राखून अर्ज फाडून टाकू, की पुढे जाऊ?’

नमस्कार.

आधी माझी बाजू उघड करते. रात्री उशिरा, उघड्यावर, ज्या टेबलावरची मंडळी काही केल्या उठत नाहीत, त्या टेबलावर मी अनेकदा बसलेली आहे. वेटर तिसऱ्यांदा टेबल पुसून गेला की आम्हाला नवा विषय सुचतो. आणि एके काळी दोन वर्षं मी एका खानावळीच्या बरोब्बर वरच्या खोलीत भाड्याने राहिलेलीही आहे. म्हणजे तुमच्या पत्रात मी खालीही आहे आणि वरही.

त्या दोन वर्षांतलं खालचं एकही गिऱ्हाईक मला आठवत नाही. आठवते ती लोखंडी खुर्ची. सगळी निजानीज झाली की खालचा मुलगा एकेक खुर्ची फरशीवरून ओढत नेऊन भिंतीशी रचायचा. पहिल्या खुर्चीला मी जागी व्हायचे आणि उरलेल्या मोजत पडायचे. बावीस होत्या. एखाद्या रात्री एकवीसच झाल्या, तर बाविसावीची वाट बघण्यात अर्धी रात्र जायची. त्या मुलावर मी कधी चिडले नाही. तो बिचारा घरी जायच्या घाईत असायचा. पण ‘आम्ही गाणी लावत नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझ्या कानात खुर्ची ओढली गेली.

तेव्हा ‘त्रास कसला’ हा प्रश्न, जो तुम्ही काकूंना विचारायला हवा होता आणि मला विचारला आहे, तो आधी घेऊ.

थोडा हिशेब करा माझ्याबरोबर. माणसाचं साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो: दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२. काकूंची खिडकी तुमच्या टेबलांपासून सरासरी आठ मीटरवर आहे असं धरू. भरल्या वेळी ४० माणसांत एका वेळी १६ जण तरी बोलत असणारच, नाहीतर माणसं बाहेर जेवायला कशाला येतील? एकाच्या जागी सोळा बोलले की १२ डेसिबल वाढतात. म्हणजे खिडकीबाहेर ५४. खिडकी थोडी उघडी असेल तर आत शिरताना १० ते १५ कमी होतात. उरले ४० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये निजायच्या खोलीसाठी सुचवलेली पातळी ३० आहे. आणि हे सगळं कोणी खळखळून हसलं नाही, कोणाच्या हातून चमचा पडला नाही, असं गृहीत धरून. समोरासमोर इमारती असतील तर भिंतींवरून आवाज परत येतो आणि तो ६ चा उतारही पुरता मिळत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने हे १९११ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. शेजारच्या टेबलाचा आवाज वाढला की आपला वाढतो, आपला वाढला की त्यांचा. कोणीच ओरडायला आलेलं नसतं, तरी साडेनऊला सगळे ओरडत असतात. त्यासाठी दारू लागत नाही आणि घरंदाजपणा आड येत नाही. घरंदाज माणसं वाढदिवसाला टाळ्या वाजवतात, आणि त्यांची मुलं टेबलांभोवती धावतात. तुमची गिऱ्हाइकं वाईट आहेत असं काकू म्हणालेल्याच नाहीत, मग त्यांच्या चारित्र्याचा दाखला अर्जाला जोडून काय उपयोग?

आणि हीच ४० माणसं साडेआठला काकूंना खुपत नसतील. तेव्हा रस्ता जागा असतो. गाड्या, हॉर्न, शेजारचा टीव्ही यांत तुमची टेबलं मिसळून जातात. अकराला रस्ता ओसरतो आणि तेच बोलणं उघडं पडतं. त्यातून ते मानवी बोलणं. पंख्याची घरघर कान सोडून देतो; पण ‘मग ती काय म्हणाली?’ हे वाक्य खालून आलं की ती काय म्हणाली ते ऐकल्याशिवाय मेंदू झोपू देत नाही.

आता घड्याळाकडे येते, कारण तुमच्या अर्जातली मुख्य चूक मला तिथे दिसते.

आज तुमची परवानगी १० पर्यंत आहे. माझा अंदाज सांगते, चुकत असेन तर मनात दुरुस्त करा: १० ला शेवटच्या टेबलाचं बिल निघतं. सव्वादहाला ती मंडळी उठतात, आणि उठून खिडकीखाली घोळका करून उभी राहतात, कारण ‘चला, निघू या’ म्हटल्यावरच महत्त्वाच्या गोष्टी आठवतात. उभं राहून बोलणं बसून बोलण्यापेक्षा मोठ्यानं होतं. मग गाड्या सुरू होतात. मग टेबलं पुसणं, खुर्च्या रचणं, बाटल्या आणि कचरा पिंपात ओतणं, शटर. पावणेअकराला रस्ता शांत होतो. काकूंची रात्र तिथे सुरू होते, १० ला नाही.

याच चालीने १२ म्हणजे पावणेएक. तुमच्या अर्जात ‘१२’ लिहिलंय आणि काकूंना ‘पावणेएक’ वाचता येतंय. पंचवीस घरांतल्या किती जणांनी सही करताना हा फरक लक्षात घेतला असेल, कोण जाणे.

म्हणून माझं म्हणणं असं: बसण्याची वेळ मागू नका, शांततेची वेळ कबूल करा. कितीला शेवटची खुर्ची जागेवर गेलेली असेल आणि तुमच्या बाजूने एकही आवाज येणार नाही, ती वेळ आधी ठरवा आणि तिथून उलट मोजत या. समजा साडेअकरा ठरली. तर सव्वाअकरापर्यंत आवरून व्हायला हवं, म्हणजे ११ ला माणसं निघालेली हवीत, पावणेअकराला बिल टेबलावर हवं आणि बाहेरची लास्ट ऑर्डर सव्वादहाला. एवढं कागदावर मांडलंत की कळेल, दोन तासांच्या मागणीतून हातात नक्की काय येतं.

आणि हातात काय यायला हवं, हेही एकदा तपासा. ‘१२ पर्यंत मिळालं नाही तर टिकणं कठीण’ असं तुम्ही लिहिलंय. खरंही असेल. उकाड्याच्या दिवसांत माणसं उशिरा बाहेर पडतात आणि त्यांना बाहेरच बसायचं असतं, हे मी समजू शकते. पण गेल्या दोन महिन्यांची बिलं काढून बसा. बिलावर वेळ असतेच. शेवटची ऑर्डर कितीची? साडेनऊनंतर रोज किती जणांना ‘बाहेर बंद होतंय’ म्हणून परत पाठवलं? हा आकडा बिलात सापडणार नाही. काउंटरवर एक वही ठेवून दोन आठवडे टिपून ठेवा. जास्तीचा तास मिळाल्यावर दुसरी पंगत बसणार आहे, की पहिलीच पंगत अजून तासभर रेंगाळणार आहे, यावर सगळं आहे. रेंगाळणाऱ्या टेबलातून फार तर पाण्याची एखादी बाटली खपते, आणि त्यासाठी तुम्ही दोन वेटर, एक भांडीवाला आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट तासभर जास्त चालवत असता. माझ्यासारख्या गिऱ्हाइकांवर धंदा बांधू नका, हे मी शपथेवर सांगू शकते.

बहुधा असं निघेल की खरी गरज शुक्रवार, शनिवार आणि सुट्टीच्या आदल्या रात्रीची आहे. मंगळवारच्या ११ साठी कशाला भांडायचं? आठवड्यातल्या चार रात्री काकूंना परत देता आल्या, तर तो अर्ज वेगळाच होतो.

‘निम्मे लोक आमच्यानंतर आले’ हा मुद्दा मात्र सुनावणीत काढू नका. तो तुमच्यावरच उलटेल. शहरनियोजनात यासाठी एक तत्त्व आहे: जो बदल आणतो, त्याने त्या बदलाचा भार उचलायचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने २०१८ मध्ये ते स्वीकारलं, तेही मुख्यतः जुन्या संगीतगृहांना वाचवण्यासाठी. जुन्या जागेशेजारी नवी घरं बांधणाऱ्याने आवाजाचा बंदोबस्त स्वतः करावा, असा त्याचा अर्थ. कोणी उद्या तुमची १० पर्यंतची टेबलं बंद करायला निघालं, तर हे तत्त्व तुमच्या बाजूने उभं राहील. पण १० चे १२ करणं हा नवा बदल आहे आणि तो तुम्ही आणताय. ज्यांनी घर घेतलं त्यांनी १० वाजता बंद होणाऱ्या रेस्टॉरंटच्या वर घेतलं.

रात्र कधी सुरू होते यावर जगाचंही एकमत नाही, हे जाताजाता सांगते. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र १० ते ६. निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. फ्रान्स आणि इटलीतही आवाजाच्या मोजणीसाठी रात्र १० ला लागते, इंग्लंडमध्ये ११ ला. पॅरिस म्हणजे फुटपाथवरच्या खुर्च्यांचं माहेर; तिथेसुद्धा उन्हाळ्यापुरती जी वाढीव टेबलं मांडू देतात, ती १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर, आणि नेहमीचा नियम रात्री १० पर्यंतचा. २०२० च्या साथीत गावोगाव माणसं उघड्यावर बसवली गेली, तेव्हा घाईघाईने दिलेल्या सवलतींचं पुढे काय करायचं हा प्रश्न सगळीकडे आला. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये कायदा करून बाहेरची टेबलं कायम केली, पण रस्त्यावरची हंगामापुरतीच ठेवली. तेव्हा तुमचा अर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याने ‘एवढा वेळ कशाला हवाय’ असं विचारलं, तर तो खाष्ट असेलच असं नाही. इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ब्रेशिया शहराच्या प्रकरणात रात्रीच्या गोंगाटासाठी महापालिकेलाही जबाबदार धरता येतं असं म्हटलं. परवानगी देणाऱ्यालाही कोणीतरी उद्या जाब विचारणार असतो. त्याच्या फायलीत घालता येतील अशा अटी तुम्हीच लिहून नेल्यात तर त्याचं काम सोपं होतं, आणि अटी तुमच्या सोयीच्या होतात.

कोणत्या अटी? मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते.

‘१० नंतर निम्मीच टेबलं’ हे अर्जात छान दिसतं, पण आवाजाच्या हिशेबात माणसं निम्मी केली तर फक्त ३ डेसिबल उतरतात. अंतर दुप्पट केलं तर ६. म्हणजे किती टेबलं बंद करता यापेक्षा कोणती बंद करता हे मोठं. काकूंच्या खिडकीखालची चार टेबलं १० ला उठवा आणि पलीकडच्या टोकाची सहा पुढे चालू ठेवा. कापडी छत्र्या आणि झाडांच्या कुंड्या दिसायला चांगल्या. आवाज त्यांतून आरपार जातो. भरीव भिंत आवाज अडवते, पण वरच्या मजल्याला ती नसल्यासारखीच, कारण वरून सगळं दिसतं आणि जे दिसतं ते ऐकू येतं. त्यामुळे त्यावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा.

मोठे घोळके १० नंतर बाहेर नकोत. सहा-आठ माणसांच्या टेबलावर दोघं कधीच शांतपणे बोलत नाहीत; टोकाच्याला टोकाशी बोलायचं असतं. बुकिंग घेतानाच सांगा की मोठ्या टेबलाला बाहेर १० पर्यंतच बसता येईल. तुमची आतली जागा त्या सुमाराला रिकामी होत असेल. ज्यांना अजून बसायचंय त्यांना ‘आत या, निवांत बसा’ म्हणून आत घ्या. उठा म्हटलेलं माणसाला लागतं, आत या म्हटलेलं लागत नाही. पण हे सांगायला एक ठरलेला माणूस हवा, ज्याला त्या वेळी दुसरं काम नाही. ॲमस्टरडॅमच्या रेम्ब्रांटप्लाइन या गजबजलेल्या चौकात शुक्रवार-शनिवारच्या रात्री साधे यजमान फिरवून पाहिले होते. दंड करायचा नाही, फक्त माणसांशी नीट बोलायचं. तुमच्याकडे तो माणूस तुमचा नवरा होऊ शकतो. पंचवीस सह्या गोळा करणाऱ्या माणसाला पाच जणांचा घोळका खिडकीखालून हलवणं जड जाऊ नये.

बाटल्या आणि कचरा रात्री पिंपात ओतायचा नाही, आत ठेवून सकाळी टाकायचा. पिंपात पडणारी बाटली हा रात्रीतला सगळ्यात वाईट आवाज, कारण तो अचानक येतो. सरासरी कितीही खाली ठेवा, झोप मोडते ती अशा एकेका दणक्याने. १९९९ च्या त्याच मार्गदर्शनात निजायच्या खोलीत एका दणक्याची मर्यादा ४५ दिली आहे. दिव्यांच्या माळा वरच्या खिडकीत उजेड टाकत असतील तर बाहेरची लास्ट ऑर्डर झाली की त्या बंद करा. माळा बंद झाल्या की माणसंही आपोआप उठतात, हा फुकटचा फायदा. एक्झॉस्टचा पट्टा कुरकुरत असेल तर तो आता तासभर जास्त कुरकुरणार आहे, त्याचं काम आधी करून घ्या. आणि तुमच्या कामगारांना विचारा. त्यांची शेवटची बस कितीची आहे, उशिराच्या तासाचे पैसे वेगळे मिळणार का. पत्रात त्यांचा उल्लेख कुठे नव्हता. घरी पोचायच्या घाईतला माणूस खुर्च्या ओढतो, हे मी बाविसांच्या अनुभवावरून सांगते.

परवानगी कायमची मागू नका, तीन महिन्यांची मागा. ‘प्रायोगिक’ हा शब्द अर्जात घाला आणि तीन महिन्यांनी आढावा कोणासमोर, कशाच्या आधारे, तेही लिहा. एक फोन नंबर द्या, जो रात्री उचलला जाईल, आणि आलेल्या प्रत्येक फोनची वहीत नोंद करा: वेळ, काय आवाज होता, किती मिनिटांत थांबला. या वहीला तुम्ही घाबराल. घाबरू नका. तीन महिन्यांनी ‘सहा फोन आले, सहाही वेळा दहा मिनिटांत मिटलं’ असं दाखवता येणं हे पंचवीस सह्यांपेक्षा भारी असतं. फोनमधल्या ॲपने डेसिबल मोजून ते आकडे सुनावणीत नाचवू नका मात्र; ते स्वतःच्या अंदाजापुरते ठीक. दोन रात्रींची तुलना त्यावर करता येते, कायदा लढवता येत नाही.

आणि एक कोरडी गोष्ट: बाहेरच्या जागेच्या वापराची वेळ वाढली म्हणजे तुमच्या खाद्य परवान्याची, दुकान उघडं ठेवण्याची किंवा त्या जागेच्या मालकीहक्काशी निगडित इतर वेळ आपोआप वाढली असं नसतं. ज्या कागदावर सगळ्यात आधीची वेळ असेल, ती तुमची खरी वेळ. सगळे कागद एकत्र मांडून बघा. रस्ता मोकळा ठेवण्याची, चाकाच्या खुर्चीला आणि अग्निशमनाच्या गाडीला वाट देण्याची अट रात्रीही तशीच लागू असते.

आता सह्या. पंचवीस घरांचा आकडा तुमच्या नवऱ्याला मोठा वाटतो, मला तो अजून कळलेला नाही. त्यातली किती घरं रस्त्याच्या बाजूला उघडतात? पाचव्या मजल्यावर मागच्या बाजूला राहणाऱ्याची सही म्हणजे शेजारधर्म झाला, संमती नव्हे. त्याच्याकडून काही जातच नाही. कित्येकांनी तर तुम्ही दारात उभ्या होतात म्हणून सही केली असेल. आपणही करतोच की. ज्यांच्या खिडक्या खाली उघडतात अशी सातआठ घरं असतील, आणि त्यांत काकू एक. तेव्हा हे पंचविसात एक असं मोजू नका, आठात एक असं मोजा. आणि काकूंनी जे तोंडावर सांगितलं, ते बाकी सातांतल्या दोघांनी मनात ठेवलं असण्याची शक्यता बरीच आहे.

यामुळेच मला काकू तुमच्या अडचणीपेक्षा तुमच्या उपयोगाच्या वाटतात. नको असलेलं तुम्हाला स्पष्ट, न भांडता, आधी सांगणारा शेजारी मिळणं सोपं नसतं. तुम्ही मात्र त्यांचं ‘नाही’ ऐकून थेट दोन टोकांवर गेलात: फाडून टाकू की पुढे जाऊ. त्यांना काय जमणार नाही, हे विचारलंत का? १२ जमणार नाही, की ११ ही नाही? रोज नाही, की शनिवारीही नाही? आवाज, की उजेड, की गाड्यांचा धूर? कदाचित त्यांना पहाटे उठावं लागत असेल. कदाचित घरात कोणी आजारी असेल आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं नसेल. तुमच्या मुलाला त्यांनी सांभाळलं म्हणून त्यांनी सही द्यावी, असं तुमच्या मनात कुठेतरी असेल तर ते काढून टाका. हिशेब लावायचाच तर तो उलटा निघतो.

भेटायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका. शुक्रवारी किंवा शनिवारी, तुमची टेबलं भरलेली असताना, साडेनऊला जा. नवऱ्याला खाली ठेवा आणि तुम्ही एकट्या जा. काकूंना विचारून त्यांच्या निजायच्या खोलीत, खिडकी त्या ठेवतात तेवढीच उघडी ठेवून, पावणेअकरापर्यंत बसा. अर्ज बरोबर नेऊ नका. बोलणंही फार करू नका, ऐका. स्वतःच्या रेस्टॉरंटचा आवाज तुम्ही सात वर्षांत वरून एकदाही ऐकला नसेल, असं मी पैजेवर सांगते.

त्यानंतरही त्या नाही म्हणू शकतात. मग? मग अर्ज करा. हो, करा. कोणा एकाच्या नकाराने प्रत्येक बदल थांबावा असं मी म्हणणार नाही. तुमच्या हाताखालच्या माणसांचे संसारही यावर आहेत. पण हातात आहे तो अर्ज करू नका. तीन रात्री, साडेअकराची शांतता, खिडकीखालची टेबलं १० ला बंद, तीन महिन्यांनी आढावा, असा अर्ज करा. त्यात पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशांची हरकत आहे आणि ती अमुक कारणासाठी आहे, हे स्वतः लिहा. दाखल करण्याआधी त्याची प्रत काकूंना द्या, म्हणजे सुनावणीत त्या पहिल्यांदा काही ऐकणार नाहीत आणि तुम्हीही नाही. सुनावणीला येणं म्हणजे वैर धरणं नव्हे. तिथे बोलून झाल्यावर परत जाताना त्यांना तुमच्याच गाडीतून घेऊन या.

हे सदर वाचणाऱ्यांत काकूही असतील, तुमच्या नाही तर दुसऱ्या कोणाच्या. त्यांच्यासाठी थोडंसं: ‘आमचा विरोध आहे’ एवढंच सुनावणीत म्हटलंत तर अधिकाऱ्याला त्याचं काही करता येत नाही. दोन आठवडे तारीख, वेळ आणि कशाने जाग आली ते लिहून काढा. कोणत्या अटीवर जमेल ते सांगा. शांततेची वेळ, बंद करायची टेबलं, आढाव्याची तारीख मागा. आणि ज्या घरमालकाने किंवा संस्थेने परस्पर तुमच्या वतीने संमती दिली असेल, तिला ती कोणाला विचारून दिली हे लेखी विचारा.

तुम्हाला, मैत्रिणी, शेवटचं एकच. काकूंकडे जाण्याआधी, या आठवड्यातच, चाळीस खुर्च्यांच्या एकशेसाठ पायांना रबराच्या टोप्या बसवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पायाचं माप घेऊन जा. आणि खुर्च्या रचणाऱ्या मुलाला सांगा, ओढू नकोस, उचल. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.